पाच मिनिटांत पाठवतो

मी घरून काम करतो. हे वाक्य ऐकून 'घरून' या शब्दावर आजवर कोणी शंका घेतलेली नाही.

काम म्हणजे चादरींची आणि टॉवेलांची डिझाइनं काढायची. शुक्रवार पेठेत आमच्या घराच्या माडीवर एक टेबल आहे, टेबलावर कॉम्प्युटर आहे आणि कॉम्प्युटरसमोर मी आहे, असा निदान घरच्यांचा समज आहे. पूर्वी हे काम चौकटीच्या कागदावर व्हायचं. एकेक चौकोन रंगवायचा, त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची आणि ते पत्ते मागावर चढवायचे. आता चौकोन पडद्यावर रंगवतात, त्याची फाइल होते आणि ती मागाच्या यंत्रात घातली की मोर, वेल, कमळ जे काय असेल ते सुतात उतरतं. जुन्या पद्धतीनं एका डिझाइनला पंधरवडा लागायचा. कॉम्प्युटर आल्यापासून मलाही पंधरवडाच लागतो. फरक एवढाच की त्यातले बरेचसे दिवस मला आता इतर गोष्टींसाठी मोकळे मिळतात. प्रगती प्रगती म्हणतात ती हीच असावी.

फोन बंद ठेव, असा सल्ला मला सगळे देतात. देताना त्यांचा स्वतःचा फोन हातात असतो आणि डोळेही तिकडेच असतात. पण फोन बंद ठेवून कसं चालेल? गिऱ्हाईक फोनवर, नमुन्यांचे फोटो फोनवर आणि मुख्य म्हणजे पाणी फोनवर. आमच्या सोलापुरात पाण्याला रोज येण्याची वाईट खोड नाही. ते चार-पाच दिवसांनी, स्वतःच्या मर्जीनं येतं. म्हणून गल्लीनं पाण्याचा ग्रुप काढला. ज्याच्या नळाला आधी पाणी येईल त्यानं एकच शब्द टाकायचा, 'आलं'. बाकी काही टाकायचं नाही, असा नियम होता. नियम पाळून पहिल्याच दिवशी कोणीतरी 'आलं' असं टाकलं आणि त्याखाली दुसऱ्या एका सद्गृहस्थानं आल्याचे औषधी गुण सांगणारी रील टाकली. तेव्हापासून त्या ग्रुपवर सुप्रभात असते, गुडघेदुखीवरचा काढा असतो, हरवलेली मांजर असते, सापडलेली मांजर असते, मांजर हीच का ती दुसरी यावर वाद असतो आणि या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी पाणी आलेलं असतं. ते चुकू नये म्हणून मला सगळंच वाचावं लागतं. मांजरीचा वाद अजून मिटलेला नाही.

मी उपाय केले नाहीत असं कोणी म्हणू नये. एक अॅप घेतलं. फोनला हात लावला नाही तर त्यात पडद्यावर झाड वाढतं आणि हात लावला की वाळतं. झाड किती वाढलं हे बघायला मी दर थोड्या वेळानं फोन हातात घ्यायचो, त्यामुळे माझ्या फोनमध्ये कायम दुष्काळ असायचा. मग त्याहून चांगलं अॅप कोणतं हे शोधण्यात एक अख्खा आठवडा गेला. लक्ष कसं एकवटावं यावर एका गृहस्थाची भाषणंही ऐकली. प्रत्येक भाषण पाऊण तासाचं आणि एक संपलं की दुसरं आपोआप सुरू होणारं. त्या गृहस्थाचं स्वतःच्या कामावर उत्तम लक्ष आहे, हे मला मान्य करावंच लागेल.

शेवटी बायकोनं घरगुती उपाय काढला. तिनं माझा फोन उचलला, पिशवीत गुंडाळला आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खोल पुरला. "घ्या, आता करा काम," म्हणाली. मी काम करायला बसलो, तर डब्यातून गुरगुर ऐकू यायला लागली. कोण असेल? पाणी असेल का? मांजर असेल का? मी खाली जाऊन डब्यात कोपरापर्यंत हात घातला. त्या संध्याकाळी भाकरी थापताना बायको माझ्याकडे एकदाच बघून म्हणाली, "पुढच्या वेळी हात तरी धुऊन घालत जा."

या सगळ्यात गिऱ्हाइकं वाट बघत असत. 'डिझाइन कुठवर आलं?' असं कोणी विचारलं की मी लिहायचो, 'पाच मिनिटांत पाठवतो.' हे वाक्य दिवसातून इतक्या वेळा लिहावं लागायचं की पुढे पुढे मी ते एकदा कॉपी करून ज्याला त्याला चिकटवायला लागलो. वेळ वाचवण्यासाठी मी केलेल्या उपायांत यशस्वी झालेला हा एकच. सोलापुरात पाच मिनिटांचा अर्थ सगळ्यांना माहीत असल्यानं कोणी रागवायचं नाही. नव्या पेठेतले एक टॉवेलवाले तर उत्तरादाखल लिहायचे, 'कोणत्या महिन्यातल्या?'

आता अप्पांकडे येतो. अप्पा म्हणजे माझे वडील. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात माग चालवला. मागांच्या खडखडाटात फोन ऐकू येत नाही म्हणून ते कामावर फोन नेतच नसत. कानही थोडे गेलेले. घरी ते इतक्या मोठ्यानं बोलतात की शेजाऱ्यांना आमच्या घरातली कुठलीही बातमी वेगळी सांगावी लागत नाही. अप्पा माग चालवायचे आणि मी डिझाइन काढायचो, तेव्हा बाप विणतो आणि पोरगा काढून देतो असं कोणालाही वाटेल. पण त्यांच्या कारखान्याला डिझाइनं बाहेरून यायची. मी काढलेलं काहीही अप्पांच्या मागावर कधी चढलं नव्हतं. दुसऱ्या कारखान्यातला माझा एखादा टॉवेल दुकानात दिसला की ते तो उलटासुलटा करून बघायचे, काठावर बोट फिरवायचे आणि काही न बोलता परत ठेवायचे.

त्यांच्या कारखान्यात एक पद्धत होती. कोणी निवृत्त झालं की शेवटच्या पाळीत त्यानं आपल्या मागावर एक चादर विणायची आणि ती घरी न्यायची. मागावर जे डिझाइन लागलेलं असेल तेच विणायचं. एक जण हॉटेलचं नाव असलेली चादर घेऊन गेला आणि जन्मभर त्या हॉटेलात राहिल्यासारखा झोपतो. अप्पांनी मात्र मालकांना अडवून विचारलं, "माझ्या पोराचं डिझाइन चालंल का?" मालक म्हणाले, "आणा की. त्या पाळीला माग तुमचा." अप्पांनी आयुष्यात मालकांकडे मागितलेली ही एवढीच गोष्ट, असं अव्वा म्हणते. अव्वा म्हणजे माझी आई.

घरी येऊन त्यांनी मला सांगितलं, "मोर नको. कमाळ नको. कडंनं शाळूचं कणीस घे, आपल्या रानातलं. आन उशाकडं चार अक्षरं."

"कसली अक्षरं? नाव घालू?"

"नाव कशाला? मी काय मंत्री हाय का? सांगतो मागनं."

दोन दिवसांनी त्यांच्या शेजारचा माग चालवणाऱ्या चाचांच्या फोनवरून मला मेसेज आला. अप्पांनी सांगितलेले आणि चाचांनी टाइप केलेले दोनच शब्द होते, 'आमच्या हातचं'.

मी लगेच कामाला लागलो. शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, कणसाचा चांगला फोटो हवा म्हणून शोधायला बसलो. कणसावरून हुरडा निघाला, हुरड्यावरून हुरडा पार्ट्या निघाल्या, पार्टीत कोणीतरी शेंगाची चटणी कुटत होतं, तिथून चटणी कुटायच्या यंत्रावर गेलो. असे तीन आठवडे मी शाळूचा सखोल अभ्यास केला. डिझाइनमध्ये तोवर अर्धा काठ झाला होता.

इथे आमच्या घरच्या भाषेबद्दल सांगायला हवं. आम्ही अक्कलकोटकडचे. घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी आणि भांडण दोन्हींत. आमच्या कन्नडमध्ये 'आतु' म्हणजे 'झालं'. आणि 'आतु' म्हणजे 'बरं, ठीक आहे'सुद्धा. एकच शब्द. दोन अर्थांमध्ये हेल थोडासा वेगळा लागतो, आणि ज्याचे कान मागावर गेलेत त्याला हेल ऐकू येत नाही.

एका सकाळी अप्पा डबा घेऊन निघताना जिन्याखालून ओरडले, "डिझाइन आतेन?" म्हणजे, झालं का? मी तेव्हा वेळेचं नियोजन कसं करावं यावरची एक रील बघत होतो. मान वर न करता म्हणालो, "आतु, आतु." म्हणजे, बरं बरं, बघतो. अप्पांनी ऐकलं, झालं झालं. ते खूश होऊन गेले. तिकडे त्यांनी मालकांना सांगितलं की पोराचं डिझाइन तयार आहे. मालकांनी अप्पांच्या चादरीसाठी मरून आणि मोतिया ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर चढवायला लावला. इकडे मी नियोजन शिकत होतो.

अप्पांची निवृत्ती उद्यावर आली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत चाचांच्या फोनवरून फोन आला. पलीकडे अप्पा होते आणि फोन नसता तरी त्यांचा आवाज शुक्रवार पेठेपर्यंत आला असता.

"आरं, फाइल कुटं हाय? मशिनीत घालायची हाय की आज. उद्या शेवटची पाळी."

"कसली फाइल?"

"तूच म्हणलास की आतु म्हणून!"

 पलीकडे मागांचा खडखडाट ऐकू येत होता. मग अप्पाच म्हणाले, "झालं न्हाय व्हय? बरं, ऱ्हाऊ दे. मशिनीत मोराचं हाय, त्येच इणतो." हे त्यांनी ओरडून म्हटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी इतक्या हळू आवाजात बोलले आणि नेमकं तेच मला स्पष्ट ऐकू आलं.

मी म्हणालो, "अप्पा, झालंय. पाच मिनिटांत पाठवतो."

फोन मी स्वतःच्या हातानं पिठाच्या डब्यात पुरला. बायको बघत राहिली. कॉम्प्युटरवरची मेसेजची खिडकी बंद केली आणि काम करायला बसलो. आणि मग जे झालं ते सांगताना मला अजून नवल वाटतं. मी काम केलं. कणीस आलं, कणसावर दाणे आले, एका दाण्याचा चौकोन इकडे सरकवला की सगळं कणीस वाऱ्यानं कलल्यासारखं दिसायला लागलं. चहा समोर येऊन गार झाला. डब्यातून गुरगुर येत होती आणि ती मला शेजारच्या घरातली वाटत होती. मला इतकं बरं कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. हे काम मला येतं, हेच मी विसरून गेलो होतो.

पाळी सुटायच्या बरंच आधी चादर पडद्यावर पुरी झाली. राहिली फक्त उशाकडची अक्षरं. ती चाचांच्या मेसेजात होती, म्हणून मी मेसेजची खिडकी उघडली. फक्त दोन शब्द घेण्यासाठी.

'आमच्या हातचं' कॉपी केलं. तेवढ्यात नव्या पेठेतले टॉवेलवाले आले, 'साहेब, जिवंत आहात का?' त्यांच्यापाठोपाठ आणखी दोघे आले. एका दमात सगळ्यांची तोंडं बंद करावीत म्हणून नेहमीचं वाक्य कॉपी केलं आणि तिघांना चिकटवलं. पाण्याच्या ग्रुपवर मांजर परत हरवली होती. तेही पाहिलं. मग मोठ्या शिस्तीनं खिडकी बंद केली, डिझाइनकडे वळलो, अक्षरांच्या चौकटीत चिकटवलं आणि 'बसेल तसं बसव' असं कॉम्प्युटरला सांगितलं. अक्षरांच्या कडा नीट करायच्या तर पडद्यावर ती इतकी मोठी करून बघावी लागतात की नुसते मरून आणि मोतिया चौकोन दिसतात. मी चौकोन नीट केले. फार काळजीपूर्वक केले. फाइल पाठवली आणि बायकोला म्हणालो, "बघ, ठरवलं की होतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे चिंचोळीला गेलो. अव्वा नव्या इरकलीत. कारखान्यात हार, पेढे आणि एका खुर्चीवर शाल-नारळ तयार ठेवलेला. अप्पांनी स्वच्छ सदरा घातला होता आणि मागाजवळ उभे होते. चाचा शेजारी होते. माग सुरू झाला आणि माझं कणीस सुतातून वर यायला लागलं. मरून अंगावर मोतिया दाणे. मी अर्थातच फोन काढला. अक्कलकोटच्या आत्याला येता आलं नव्हतं, म्हणून व्हिडिओ कॉल लावून तिला दाखवायला लागलो. म्हणजे बापाची शेवटची चादर मी समोर उभं राहूनही फोनच्या पडद्यावर पाहिली.

चादर पायांकडून विणत उशाकडे जाते. त्यामुळे अक्षरं शेवटी आली, आणि तीही खालून वर. आधी अक्षरांचे पाय आले, मग पोटं. शिरोरेघ आल्याशिवाय मराठी नीट वाचता येत नाही, त्यामुळे सगळे कौतुकानं बघत होते. मला एवढंच वाटलं की दोन शब्दांच्या मानानं ओळ जरा लांब झालीय. मग शिरोरेघ आली, वरच्या मात्रा आल्या आणि सगळ्यात शेवटी एक अनुस्वार.

आत्यानं पडद्यातून मोठ्यानं वाचलं, "पाच... मिनिटांत... पाठवतो. म्हंजे काय रे?"

माग थांबला. एवढ्या मोठ्या कारखान्यात बरोबर त्याच वेळी शेजारचे मागही कौतुकासाठी बंद ठेवले होते. मालक शाल हातात घेऊन थबकले. मग कोणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळा कारखाना हसायला लागला. अव्वाला वाचता येत नाही, ती सगळ्यांबरोबर हसत होती, काहीतरी चांगलंच लिहिलं असणार म्हणून. मला लाज वाटली.  मी फोन खिशात घातला आणि आत्या खिशातून विचारत राहिली, "काय पाठवतो? कोण पाठवतो?"

अप्पा हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी चादर कापली, घडी घातली, ओळ वर येईल अशी. शाल घेतली, नारळ घेतला. दोन शब्द बोला म्हटल्यावर म्हणाले, "मी काय बोलू? चादरीवर लिवलंय की." पुन्हा हशा झाला. त्यांनी आयुष्यात केलेलं हे पहिलं भाषण, आणि तेही माझ्यामुळे इतकं रंगलं.

घरी आल्यावर त्यांनी चादर पलंगावर अंथरली आणि कणसावर बोट फिरवत बसले. बाजारातल्या टॉवेलावर फिरवायचे तसंच, पण हात लवकर काढला नाही. "कणीस लई झ्याक उतरलंय," म्हणाले.

मी त्यांच्याजवळ बसलो. म्हणालो, "अप्पा, चूक झाली. अक्षरं बदलून नवी फाइल करतो. मालकांना विचारून परत विणून घेऊ."

"कोण इणणार? माझा माग उद्या सकाळपासनं दुसऱ्याचा."

मी चादरीचा कोपरा सारखा केला. मग ते म्हणाले, "चाचानं कालच वाचलं हुतं. फाइल घातली की मशिनीच्या पडद्यावर दिसतंय सगळं. चाचा म्हणला, बेटे को फोन लगाऊं क्या, बदल के देगा. मी म्हणलं, नको."

"का नको? मला सांगायचं की. मी लगेच..."

"सांगितलं असतं की," अप्पा म्हणाले, नेहमीच्या आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. "मग तू म्हणला असतास, पाच मिनिटांत पाठवतो. आन माझी पाळी संपली असती."